रिंगणाबाहेरचा कर्णधार

हॉकी म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात, मैदानाची हिरवळ उभी राहते आणि वाकड्या काठीच्या टोकाला चिकटून धावणारा पांढरा चेंडू दिसू लागतो. पायांत धारदार पात्यांचे बूट चढवून, बर्फावर रबराच्या काळ्या चकतीमागे धावण्याचाही एक खेळ असतो आणि त्यालाही हॉकीच म्हणतात, हे आम्ही केवळ ऐकून होतो. तो खेळ पाहण्याचा योग वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी आला. आणि पाहिल्यावरही तो आम्हांला कळला, असे म्हणण्याचे धाडस होत नाही. चकती कोठे आहे हे नजरेला गवसावे, तोवर गोल होऊन प्रेक्षक उभे राहिलेले असतात. असे असूनही या खेळातील एका कर्णधाराविषयी चार शब्द लिहिण्यास आम्ही बसलो आहोत. ते चार शब्द पुढे कोठे जातील, हे वाचकांनी थोडा धीर धरून पाहावे.

२०१४ च्या हिवाळ्यात तीन महिने आमचा मुक्काम कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी होता. तेथील एका धर्मग्रामाचे वयोवृद्ध धर्मगुरू गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरातच होते आणि त्यांच्या मदतीला म्हणून आमची रवानगी झाली होती. काम फारसे नव्हते. सकाळची मिस्सा, आठवड्यातून दोनदा आजाऱ्यांच्या भेटी, रविवारी दोन मिस्सा आणि त्याही अर्ध्या रिकाम्या मंदिरात. ज्या प्रांतात एकेकाळी प्रत्येक घरातून एक तरी मुलगा वा मुलगी व्रतस्थ जीवनासाठी निघावी अशी अपेक्षा असे, त्या क्यूबेक प्रांतात १९६० नंतरच्या दशकांत मंदिरे ओस पडत गेली. काहींची वाचनालये झाली, काहींत लोक सदनिका करून राहू लागले. वसईच्या भरगच्च मंदिरांतून गेलेल्या आमच्यासारख्या माणसाला तेथे मिस्सा अर्पण करताना आपलाच आवाज परत ऐकू येई. त्याची सवय व्हायला बरेच दिवस लागले.

डिसेंबरच्या २ तारखेला झाँ बेलिव्हो यांचे निधन झाले. वय ८३. बातमी आली तेव्हा आम्ही आणि ते वृद्ध धर्मगुरू रात्रीच्या जेवणानंतर दूरदर्शन संचासमोर बसलो होतो. आम्हांला ते नाव ठाऊक नव्हते. वृद्ध फादरांनी मात्र हातातील पेला खाली ठेवला, स्वतःवर क्रुसाची खूण केली आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. एखाद्या खेळाडूच्या मृत्यूने पंच्याहत्तरी ओलांडलेल्या धर्मगुरूने इतके हलून जावे, याचे आम्हांला नवल वाटले; खरे सांगायचे तर किंचित हसूही आले. आमच्याकडे क्रिकेटवीरांची पूजा चालते ती पाहून आम्ही प्रवचनांतून कितीदा तरी टीका केली आहे. येथेही तीच गत, असे मनाशी म्हणून आम्ही झोपायला गेलो.

पुढच्या पाच-सहा दिवसांत जेवणाच्या मेजावर आमचे शिक्षण झाले. बेलिव्हो यांचा जन्म १९३१ चा, त्र्वा-रिव्हिएर या गावचा. बालपण व्हिक्टोरियाव्हिल येथे गेले. वडील वीज कंपनीत नोकरीला. हिवाळ्यात घरामागच्या अंगणात पाणी ओतून गोठवायचे आणि त्यावर मुलांनी खेळायचे, हाच या कर्णधाराचा पहिला आखाडा. शिक्षण पवित्र हृदयाच्या बंधूंच्या शाळेत झाले. पुढे क्यूबेक शहरात ते खेळू लागले तेव्हा त्यांना आपल्या संघात आणण्यासाठी मॉन्ट्रियलच्या कॅनेडियन्स संघाचे व्यवस्थापक कित्येक वर्षे जंग जंग पछाडत होते. पण ज्या शहराने आपल्याला उचलून धरले ते असे पटकन सोडायचे कसे, म्हणून हा तरुण हलायला तयार नव्हता. अखेर १९५३ साली ते मॉन्ट्रियलला आले आणि १९७१ पर्यंत त्याच एका संघातून खेळले. पाठीवर ४ हा आकडा. या खेळाची सर्वोच्च खूण म्हणजे स्टॅन्ली चषक. तो त्यांनी खेळाडू म्हणून दहा वेळा जिंकला, त्यांतील पाच वेळा कर्णधार या नात्याने. निवृत्तीनंतर संघाच्या कचेरीत काम करताना आणखी सात वेळा त्यांचे नाव त्या चषकावर कोरले गेले.

हे आकडे वृद्ध फादर जपमाळेच्या रहस्यांप्रमाणे घडाघडा म्हणत. आम्ही मान डोलवीत असू. पण एके दिवशी त्यांनी १९६१ सालची हकीकत सांगितली आणि आम्ही प्रथमच कान टवकारले. त्या वर्षी संघाचा जुना कर्णधार डग हार्वी दुसऱ्या संघात गेला. नवा कर्णधार खेळाडूंनी मतदानाने निवडायचा होता. बर्नी जेफ्रियन नावाचा धडाडीचा खेळाडू होता. त्याने आदल्याच मोसमात पन्नास गोल केले होते, आणि हा मान आपल्याकडे येणार असे त्याने धरून चालणे अगदी स्वाभाविक होते. सोबत्यांनी निवडले ते बेलिव्हो यांना. जेफ्रियन मनातून दुखावला. बेलिव्हो यांच्या हे ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. ते थेट व्यवस्थापक फ्रँक सेल्की यांच्याकडे गेले आणि म्हणाले की, हे पद जेफ्रियनला द्यावे, माझी काही हरकत नाही. सेल्की यांनी ते मानले नाही. खेळाडूंनी निवडले आहे ते खेळाडूंनीच ठरविले आहे, असा त्यांचा निर्वाळा पडला. मग पुढली दहा वर्षे बेलिव्हो कर्णधार राहिले.

धर्मग्राम परिषदेच्या निवडणुका, क्रीडामंडळाचे अध्यक्षपद, भजनी मंडळात पुढे कोण उभे राहणार, सणाच्या मिरवणुकीत झेंडा कोणाच्या हाती, या सर्व प्रश्नांवर मध्यरात्रीपर्यंत बैठका घेतलेल्या आमच्यासारख्या धर्मगुरूला या हकीकतीचे मोल निराळे सांगावयास नको. हरलेल्याच्या घरी जाऊन समजूत घालणारे आम्ही पाहिले आहेत. जिंकल्यावर व्यवस्थापकाकडे जाऊन पद परत करू पाहणारा आमच्या आठवणीत एकही नाही. आणि त्यात आम्हीही आलो.

बेलिव्हो यांना संतपदी बसविण्याची घाई मात्र कोणी करू नये. मूर्ती घडविणारे लोक तिच्यावरील ओरखडे आधी बुजवितात, ही आमची जुनी तक्रार आहे. बेलिव्हो उंचीला सहा फूट तीन इंच, खेळायला लागले तेव्हा विरुद्ध संघांनी त्यांना हाणून पाडण्याचा सपाटा लावला, आणि प्रारंभी सोसून घेणाऱ्या या खेळाडूने मग जशास तसे द्यायला सुरुवात केली. १९५५-५६ च्या मोसमात सर्वाधिक गुण त्यांचेच होते. पण त्याच मोसमात त्यांनी शिक्षा म्हणून बाकावर बसून काढलेली मिनिटे १४३ आहेत. हे वृद्ध फादरांनी अंमळ अभिमानानेच सांगितले! सौजन्याची ख्याती त्यानंतरची. ती वारशाने आली नसावी. मिळवावी लागली असावी, असा आमचा अंदाज.

रविवार आणि सोमवार, ७ व ८ डिसेंबर, असे दोन दिवस त्यांची शवपेटी लोकांच्या दर्शनासाठी संघाच्या क्रीडागृहात, बेल सेंटरमध्ये ठेवण्यात येणार होती. वृद्ध फादरांना रांगेत उभे राहणे शक्य नव्हते. रविवारी रात्री त्यांनी कपाटातून एक पाकीट काढले. आत एक पत्र होते, कागद पिवळा पडलेला. सेमिनरीत असताना त्यांनी आपल्या आवडत्या कर्णधाराला लिहिले होते आणि त्याचे हे उत्तर. पाच-सहा ओळी. खाली सही; आणि ती सही कोणालाही वाचता यावी इतकी स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटे. चाहत्यांच्या पत्रांना स्वतः उत्तरे द्यायची आणि सही करताना नाव वाचता येईल असेच लिहायचे, हा बेलिव्हो यांचा आयुष्यभराचा परिपाठ होता, हे पुढे रांगेतही ऐकायला मिळाले. पत्र परत पाकिटात घालून फादर म्हणाले, "माझ्या वतीने तुम्ही जाल?"

आम्हांला आमच्या मेजाच्या खणातील पत्रे आठवली. ती किती आहेत ते येथे सांगत नाही.

८ डिसेंबर हा पवित्र मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही भुयारी रेल्वेने निघालो. थंडी अशी की श्वास घेताना नाकातले केस ताठ होत. रांग क्रीडागृहाला वळसा घालून रस्त्यापर्यंत आली होती. तेथून थोड्याच अंतरावर विश्वराणी मारियेचे महामंदिर आहे. रोमच्या संत पेत्राच्या महामंदिराची ती लहान प्रतिकृती. दर्शनी भागावर तेरा संतांचे पुतळे उभे आहेत, ते त्या काळच्या तेरा धर्मग्रामांनी आपापल्या आश्रयदात्या संतांचे म्हणून दिलेले. सणाच्या दिवशी सकाळी तेथे किती भाविक असतील याची आम्हांला कल्पना होती. इकडे मात्र हजारोंची रांग, आणि तीही एका हॉकीपटूसाठी! आमच्या मनात प्रथम कटुताच आली. रांगेत घालवलेल्या वेळाने ती उतरविली.

कारण लोक गोल आठवीत नव्हते. आम्ही कान देऊन ऐकत होतो. आमचे फ्रेंच बेताचे, पण इंग्रजी बोलणारेही खूप होते, आणि रांगेतला माणूस परक्याला गोष्ट सांगायला उत्सुक असतोच. एका बाईच्या वडिलांचा हात बेलिव्हो यांनी एका विमानतळावर कसा हातात धरून ठेवला होता, एका मुलाला सही देताना त्याचे नाव, गाव, शाळा सारे कसे विचारले होते, कोणाच्या आजारी भावाला रुग्णालयात ते कसे भेटून गेले होते. गोष्टी एकाच ठशाच्या. प्रत्येकीत तो उंच माणूस थांबलेला होता. घाईत आहे, पुन्हा या, असे म्हणाल्याची एकही गोष्ट आमच्या कानांवर आली नाही. विशेष हे की त्या शहरात फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची अढी आहे. त्या रांगेत ती कोणी बाहेर काढली नाही. निदान त्या दुपारपुरती तरी.

आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी १९७१ सालचा समारंभ सांगितला. निवृत्तीच्या वर्षी संघाने त्यांच्या गौरवाची रात्र ठरविली, तेव्हा त्यांनी अट घातली की, मला भेटवस्तू नकोत; जे जमेल ते गरजू मुलांसाठी जावे. २४ मार्च १९७१ रोजी त्यांच्या हाती १,५५,८५५ डॉलर्सचा धनादेश देण्यात आला आणि त्यातून त्यांच्या नावाचा निधी उभा राहिला. त्यांनी तो दोन दशकांहून अधिक काळ स्वतः सांभाळला आणि १९९३ मध्ये क्यूबेकमधील अपंग मुलांच्या संस्थेच्या स्वाधीन केला. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती लहान आहे, पण आम्हांला फार आवडली. बेलिव्हो निवृत्त झाले त्याच वर्षी गी लाफ्लर हा विशीतला खेळाडू संघात आला. त्याला बेलिव्हो यांचाच ४ हा आकडा हवा होता. हवा तर घे, पण दुसरा एखादा आकडा घेऊन तो स्वतःच्या नावाने गाजव, असा सल्ला बेलिव्हो यांनी त्याला दिला. लाफ्लरने १० हा आकडा घेतला आणि तो खरोखरच गाजविला.

यानंतर त्या गृहस्थांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही रांगेत पुढे सरकायचे विसरलो.

१९९४ साली कॅनडाचे पंतप्रधान झाँ क्रेतिएन यांनी बेलिव्हो यांना गव्हर्नर जनरलचे पद देऊ केले. राणीचा प्रतिनिधी, देशातील पहिल्या मानाचा नागरिक! त्यापूर्वी सिनेटची जागाही त्यांनी दोनदा नाकारली होती. पण हे पद निराळेच. खेळातून आलेल्या माणसाला याहून मोठे काय मिळणार? बेलिव्हो यांनी नाही म्हटले. त्यांना एकच मुलगी, एलेन. तिचा नवरा पोलीस खात्यात होता आणि त्याने स्वतःच्या हाताने जीवन संपविले होते. मागे दोन मुली, पाच वर्षांची मिलेन आणि तीन वर्षांची मागाली. आजोबांना गव्हर्नर जनरलचे पद देऊ केले गेले तेव्हा त्या शाळेत जाणाऱ्या पोरी होत्या. आपण ओटावाच्या राजवाड्यात पाच वर्षे काढायला गेलो तर या मुलींना बापाच्या जागी कोण, असा प्रश्न बेलिव्हो यांच्यापुढे होता. आणि उत्तर शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. ते घरी राहिले. पद रोमिओ लब्लाँ यांच्याकडे गेले.

पाच वर्षांची आणि तीन वर्षांची.

आमचा धाकटा भाऊ २००४ च्या पावसाळ्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने गेला. त्याच्या मागे आमच्या वहिनी, आमची वृद्ध आई आणि दोन मुली. एक सहा वर्षांची, दुसरी तिसरे ओलांडलेली. त्या वेळी आमची नेमणूक घरापासून सायकलच्या अंतरावर होती. संध्याकाळी आम्ही तिकडे डोकावत असू. थोरली आमच्या झग्याच्या खिशात हात घालून गोळ्या शोधी. धाकटी नुसती पाहत राही.

पुढच्या वर्षी वरिष्ठांनी विचारले, उच्च शिक्षणासाठी रोमला जाल का? आज्ञा नव्हती. विचारणा होती, विचार करायला आठ दिवस दिले होते आणि घरची परिस्थिती त्यांना ठाऊक असल्याने नकार दिला तरी चालेल, असेही सांगितले होते. हे आम्ही आजवर घरी सांगितलेले नाही. घरी आम्ही सांगितले ते असे, की धर्मगुरूने आज्ञापालनाची शपथ घेतलेली असते. आई म्हणाली, "मग तुला जायलाच हवं." वहिनी काही बोलल्या नाहीत, त्यांनी आमच्या स्वेटरची बटणे पक्की करून दिली. आपल्यामागे येताना घरच्यांकडे वळून पाहू नये, या अर्थाचे प्रभूचे कठोर उद्गार आम्हांला त्या आठ दिवसांत पुनःपुन्हा आठवले. क्रुसावर शेवटच्या घटकेला त्याच प्रभूने आपल्या आईची सोय लावली, हे मात्र आठवले नाही. ते आम्ही दर गुड फ्रायडेला इतरांना समजावून सांगतो.

रोमला आम्ही चार वर्षे राहिलो. अभ्यास चांगला झाला, त्याचा उपयोगही झाला. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परतल्यावर नेमणुका लांबच्या मिळाल्या. मुली वाढत होत्या. शाळेत नेण्या-आणण्याचे, दाखले काढण्याचे, तापात रात्र जागण्याचे काम त्यांच्या मामाने केले. स्वतःचे छोटेसे दुकान सांभाळून. आमचा दूरध्वनी नाताळला, ईस्टरला आणि वाढदिवसाला जाई.

रांग आत शिरली. जेथे एरव्ही बर्फ असतो तेथे सगळे झाकून टाकलेले; उजेड मंद, आणि एवढ्या प्रचंड वास्तूत बोलण्याचा आवाज नाही. रिकाम्या मंदिरात आपलाच आवाज ऐकण्याची सवय झालेल्या आम्हांला भरलेल्या क्रीडागृहातील ती शांतता कानांत बसली. शवपेटीपाशी लोक येत. कोणी मान लववी, कोणी क्रुसाची खूण करी. ती खूण करताना काहींचे हात अडखळत होते, बऱ्याच वर्षांत न केलेली गोष्ट आठवावी तसे. आणि तेथेच, शवपेटीपासून काही पावलांवर, बेलिव्हो यांच्या पत्नी एलिझ उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. रविवारीही त्या अशाच उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन त्या आभार मानत होत्या. सोबत मुलगी एलेन, आणि आता तरुण झालेल्या दोन्ही नाती.

आमचा क्रम आला. वृद्ध फादरांचे नाव सांगून, ते येऊ शकले नाहीत, त्यांच्याकडे कर्णधारांचे एक पत्र आहे, एवढे आम्ही मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणालो. त्यांनी आमचा गळपट्टीचा कॉलर पाहिला, आमचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि प्रार्थनेची विनंती केली. शेजारच्या दोन तरुणींकडे आम्ही एकवार पाहिले आणि पुढे झालो. पायऱ्या चढून बाहेर आलो तेव्हा दुपार कलली होती. महामंदिरात जाऊन बसलो. तेथे प्रार्थना केली असे म्हणणे खोटे होईल, बसलो, इतकेच.

त्या रात्री आठ वाजता आम्ही घरी दूरध्वनी केला. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले होते. थोरलीने उचलला, ती तेव्हा सोळा वर्षांची होती. आमचा आवाज ओळखताच तिचा स्वर बदलला. "फादरकाका? काय झालं? कोण गेलं?"

कोणी गेले नाही, सहज केला, असे आम्ही म्हणालो. तिला ते पटेना. मागून वहिनींचा घाबरा आवाज आला. मग आईचा. एवढ्या सकाळी, सणवार नसताना, फादरांचा फोन! तिघींची समजूत घालण्यातच पाच मिनिटे गेली. बोलण्यासारखे काय योजले होते ते राहूनच गेले. शेवटी थोरलीने विचारले की, तिकडे बर्फ पडतो का; आणि आम्ही बर्फाविषयी बोललो.

दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, त्याच क्रीडागृहात सामना होता, व्हँकूव्हरच्या संघाशी. एका दिवसात त्यांनी पुन्हा रिंगण तयार केले होते. आम्ही तो वृद्ध फादरांच्या शेजारी बसून संचावर पाहिला. बेलिव्हो पतीपत्नी ज्या दोन आसनांवर नेहमी बसत, त्यांपैकी एकावर एलिझ बसल्या होत्या. शेजारच्या आसनावर ४ आकड्याचा सदरा ठेवलेला आणि त्यावर दिव्याचा झोत. ते क्रीडागृह भरले की प्रेक्षकसंख्या २१,२८७ जाहीर होत असे. त्या रात्री जाहीर झाली ती २१,२८६. फादर हुंदका देऊन रडले. १० तारखेला महामंदिरात अंत्यविधीची मिस्सा झाली. देशाचे पंतप्रधान आले होते, जुने सहकारी बोलले. शवपेटी उचलणाऱ्यांत लाफ्लरही होता.

वृद्ध फादरांनी त्या आठवड्यात आणखी एका माणसाची आठवण काढली, तीही येथे नोंदवून ठेवतो. त्यांच्या लहानपणी रोज संध्याकाळी सात वाजता रेडिओवरून जपमाळ होई आणि सारे घर गुडघ्यांवर येई. ती चालू केली होती मॉन्ट्रियलचे कार्डिनल पॉल-एमिल लेझे यांनी. हेच लेझे १९६७ साली आपले पद सोडून आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये, कुष्ठरोग्यांची आणि अपंग मुलांची सेवा करण्यास गेले. एक पद सोडून दूर गेला, दुसरा पद नाकारून घरी राहिला. दोघेही एकाच शहराचे. यांपैकी कोणाचा मार्ग कोणाला लागू, हे आम्ही फादरांना विचारले. ते म्हणाले, "दोघांनाही कोणी आज्ञा केली नव्हती." आमची कहाणी त्यांना ठाऊक नव्हती. ते सहज बोलून गेले.

२०१५ मध्ये परतल्यावर आम्ही घराजवळच्या धर्मग्रामासाठी विनंती केली. ती मान्य होण्यास चार वर्षे गेली. तोवर थोरली परिचारिकेचे शिक्षण घेत होती आणि धाकटी महाविद्यालयात जाऊ लागली होती. आई २०१८ मध्ये गेली. आता दर गुरुवारी रात्रीचे जेवण आम्ही वहिनींकडे घेतो. रोमला जाण्याविषयी जे लपविले होते ते या लेखात प्रथमच लिहिले आहे. अंक हाती पडण्याआधी त्यांना स्वतः सांगायचे, असे ठरविले आहे. गेले दोन गुरुवार ते जमले नाही.

धाकटी आता नोकरी करते. जेवताना तिची आणि तिच्या मामाची थट्टामस्करी चालते. तो बहुधा गुरुवारी असतोच. त्याला ती "तू" म्हणते, त्याच्या ताटातला मासा उचलते. आमच्याकडे वळली की आवाज खाली येतो. "फादरकाका, तुम्हांला अजून भात वाढू?"

आम्ही थोडा घेतो.